एक घर मागं

मी एक जुनी पिकअप आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, जुन्या गाड्या थापा मारतात. दिवसभर उन्हात उभं राहून दुसरं करणार तरी काय? तरुणपणी मी मंद्रूपहून सोलापूरला इतक्या वेगानं जायची की माझा हॉर्न माझ्यामागून पाच मिनिटांनी पोचायचा. एकदा मे महिन्यात माझी सावलीच उन्हाला घाबरून वर हौद्यात चढून बसली, आणि वजनकाट्यावर तिचंही वजन भरलं. अशा गोष्टी मी या अंगणातल्या कोंबड्यांना रोज सांगते. त्या मान हलवतात.

पण आज सांगते ती गोष्ट खरी आहे. ती थाप असती तर मला फार बरं वाटलं असतं.

लांबच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तेव्हा मी निळी होते. माझ्यासारख्या शेकडो जणी रांगेत उभ्या होत्या, पण माझ्या पोटात वेगळी गिअरपेटी बसवली होती. इतरांना गिअर बदलायला क्लच दाबावा लागे. माझे गिअर आपोआप बदलत. म्हणून माझ्या पायाशी तीनऐवजी दोनच पेडलं. मी एका धरणाच्या कामावर साहेबांच्या दिमतीला लागले, आणि दहा वर्षांनी काम संपल्यावर सोलापुरात लिलावाच्या मैदानात येऊन उभी राहिले. लोक यायचे, काच पुसून आत डोकवायचे आणि पुढं जायचे. एकजण तर म्हणाला, हिचं एक पेडल चोरीला गेलंय. ते ऐकून शेजारचा ट्रक इतका हसला की त्याचे दोन टायर बसले. बरं, एकच बसला.

मग मंद्रूपचा कुंडलिक आला. लहानपणच्या पोलिओनं त्याचा डावा पाय वाळलेला. गुडघ्यावर हात रोवून तो चालायचा. क्लच डाव्या पायानं दाबतात, त्यामुळे चाळिशी आली तरी त्यानं गाडी म्हणून चालवली नव्हती. गावातली कुठलीही गाडी निघाली की त्याची जागा ठरलेली, मागं, पोत्यांबरोबर. "तू बस मागं," असं लोक प्रेमानंच म्हणत, आणि ते प्रेमच त्याला टोचायचं. त्यानं माझ्यात डोकं घातलं, पेडलं मोजली, पुन्हा मोजली. मग बायकोला, काशम्माला, हाक मारून म्हणाला,

"ही माझीच हाय की गं."

त्यानं रीतसर परवाना काढला आणि आमचा धंदा सुरू झाला. काशम्मा आणि तिच्या चार मैत्रिणी ज्वारीच्या कडक भाकऱ्या करायच्या. पापडासारख्या कुरकुरीत, महिनाभर टिकणाऱ्या. कुंडलिक त्या टोपल्यांत भरून सोलापूरला शुक्रवार पेठेत वैजयंतीबाईंच्या दुकानी पोचवायचा. आठ वर्षांत आम्ही एक भाकरी मोडली नाही. (तीन मोडल्या. त्या आम्हीच खाल्ल्या. म्हणजे त्यानं खाल्ल्या, मी वास घेतला.)

माझ्या गिअरच्या दांड्याशेजारी इंग्रजी अक्षरं होती, प्रत्येक अक्षरासमोर दांड्याला बसायचं एक घर. कुंडलिकनं ती काशम्माला शिकवली. पी म्हणजे 'पडून ऱ्हा', आर म्हणजे 'रिव्हर्स', एन म्हणजे 'न्हाय', डी म्हणजे 'दौड'. त्याखाली दोन आणि एक हे आकडे, चढासाठी. काशम्माचं माहेर अक्कलकोटकडचं. ती 'न्हाय'ला कानडीत 'इल्ला' म्हणायची. माझा स्टार्टर लहरी होता, एकदा बंद झाले की रुसून बसायची. म्हणून माल उतरवताना कुंडलिक मला बंद करायचाच नाही. दांडा 'न्हाय'वर, हँडब्रेक वर, आणि हा खाली. दिवसातून चार वेळा तरी. त्याच्या हाताला ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की त्याला ते करताना स्वतःलाही कळत नसे.

आता माझ्या पापाकडं येते.

आमच्या शेजारी हरिदास राहायचा, कुंडलिकचा लहानपणापासूनचा दोस्त. दिवसभर पान चघळायचा आणि संध्याकाळी माझ्या बंपरला टेकून गप्पा हाणायचा. एके सकाळी माझ्याखाली लाल थेंब पडलेले काशम्माला दिसले. मित्रांनो, माझ्यासारख्या गाडीच्या गिअरपेटीतलं तेल लाल असतं. पेटीचं सील फाटलं होतं आणि तेल गळत होतं. काशम्माला वाटलं, हरिदास थुंकला.

"भावजी, उद्यापासनं तोंडाला बूच लावून येत जावा," ती म्हणाली.

हरिदासनं आईची शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब. त्यानं पान सोडलं. थेंब पडतच राहिले, तेव्हा तो चोरून खातो असं ठरलं. कुंडलिकही हसत त्याला म्हणाला, खा की लेका, पण लांब थुक. महिनाभरानं हरिदासनं येणंच बंद केलं.

आणि मला, मित्रांनो, मजा वाटत होती. मला बोलता येत नाही, पण घरघरता येतं. एकदा जरी कण्हले असते तरी कुंडलिकनं वाकून खाली बघितलं असतं. मी मुद्दाम गप्प राहिले. रोज सकाळची ती भांडणं म्हणजे माझी करमणूक होती.

एका दुपारी विजापूर रस्त्यावर, मागं टोपल्या भरलेल्या असताना, पेटी कोरडी पडून जळाली. इंजिन बोंबलत होतं आणि चाकं जागची हलत नव्हती. ओढत ओढत मला गुरप्पा मिस्त्रीच्या गॅरेजात नेलं. त्यानं खाली सरकून बोट फिरवलं, वास घेतला आणि मागोमाग आलेल्या काशम्माला ते लाल बोट दाखवून म्हणाला, वैनी, ही पिंक न्हाय, तेल हाय. त्याच दिवशी काशम्मा चटणी-भाकरी घेऊन हरिदासच्या दारात जाऊन उभी राहिली. तिनं काय म्हटलं ते मला ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी हरिदास गॅरेजात हजर झाला. म्हणाला, आता गाडी नीट होईस्तवर मी हितंच, आणि नीट झाल्यावर माल उतरवायला पण मीच.

माझ्या जातीची पेटी कुठंच मिळेना. जो तो म्हणायचा, साधी क्लचची पेटी टाका, गल्लोगल्ली मिळते. गुरप्पाही तेच म्हणाला. कुंडलिकनं आपल्या पायाकडं बघितलं.

"मग चालवायची कुणी?" तो म्हणाला. "मी पुन्हा मागं बसू व्हय?"

गुरप्पानं तो विषय पुन्हा काढला नाही. त्यानं भंगारात निघालेल्या एका मोटारीची आपोआप गिअर बदलणारी पेटी शोधून आणली. कंपनी वेगळी, माप वेगळं. माझ्या इंजिनाला ती बसेना, म्हणून मध्ये लोखंडाची जाड चकती कातून घातली. मागच्या चाकांकडं जाणारा माझा लांब शाफ्ट कापून आखूड केला. तेलाच्या नळ्या नव्यानं वाकवल्या. परक्याचं आतडं पोटात घेतल्यासारखं वाटत होतं. पण तीन आठवड्यांनी चाकं फिरली, आणि कुंडलिकच्या चेहऱ्याकडं बघून मी माझा सगळा त्रास विसरले.

एकच गोष्ट राहिली. दांडा आणि पेटी यांना जोडणारी सळई मापात बसत नव्हती. दांडा एका घरावर ठेवला की पेटी त्याच्या मागच्या घरात जायची. गुरप्पानं हात पुसत समजावलं.

"मालक, सगळं एक घर मागं बसतंय. उभं ऱ्हायचं तर दांडा 'दौड'वर ठेवायचा. दौडायचं तर दोनवर. आन् 'न्हाय'वर ठेवलात तर गाडी मागं जाईल. सळई कातणारा लेथवाला गावाला गेलाय, तो आला की दुसरी सळई करून देतो. पंधरा दिस गाडी हितंच असू द्या."

पंधरा दिवस. तीन आठवडे कुंडलिक दुसऱ्याच्या तीनचाकीत, टोपल्यांमध्ये पाय आखडून बसून गेला होता. तो म्हणाला, ध्यानात ऱ्हाईल माझ्या. काशम्मा म्हणाली, निदान चिठ्ठी तरी चिकटवा. त्यावर तो हसला.

"माझी गाडी मला ठाव न्हाय व्हय?"

चार दिवस सगळं नीट चाललं. तो ओठांतल्या ओठांत पुटपुटत दांडा हलवायचा, एक घर मागं, एक घर मागं. पाचव्या दिवशी आम्ही शुक्रवार पेठेत पोचलो. गल्ली अरुंद, म्हणून दुकानाच्या दगडी पायरीकडं पाठ करून मला उभं केलं. हरिदास उतरून मागं गेला आणि हौद्याचा फाळका उघडू लागला. तेवढ्यात वैजयंतीबाईंनी दारातून विचारलं, एवढे दिवस कुठं होतात, बरं होतं ना सगळं? कुंडलिक त्यांच्याकडं बघून हसला, सांगू लागला, आणि त्याच्या हातानं आठ वर्षांची सवय केली. दांडा 'न्हाय'वर. हँडब्रेक वर. ब्रेकवरचा पाय उचलला.

माझा हँडब्रेक म्हातारा होता. मी मागं सरकले. हातभरच. पायरी आणि माझा बंपर यांच्यामध्ये हरिदासचा पाय होता.

मित्रांनो, मी आयुष्यात शंभर वेळा विनाकारण बंद पडले आहे. वरातीत पडले, चिखलात पडले. त्या क्षणी बंद पडायला हवं होतं. पण त्या दिवशी इंजिन इतकं गोड चाललं होतं, जितकं गेल्या कित्येक वर्षांत चाललं नव्हतं.

कुंडलिकनं किल्ली फिरवून मला बंद केलं आणि लोकांनी मला ढकलून पुढं घेतलं. हरिदास पायरीवर बसला होता, घामानं निथळत. त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, भाकऱ्या सांडल्या का बघा रे कुणीतरी.

नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. आत सळई घालावी लागली. आता तो काठी घेऊन चालतो. त्यानं कुंडलिकला एका शब्दानं बोल लावला नाही.

पंधराव्या दिवशी गुरप्पा नवी सळई घेऊन स्वतः मंद्रूपला आला. अर्ध्या तासाचं काम. ते झाल्यावर म्हणाला, मी गाडी द्यायलाच नको होती. कुंडलिक म्हणाला, तू सांगितलं होतंस, हात माझा होता. मग त्यानं किल्ली खुंटीला अडकवली.

आता माझ्यात काही दोष नाही. 'न्हाय' म्हणजे न्हाय, 'दौड' म्हणजे दौड. परकी पेटी माझ्या पोटात रुळली आहे. पण भाकऱ्या पुन्हा तीनचाकीनं जातात. तीनचाकीवाला कुंडलिकला पुढं बसायचा आग्रह करतो. तो म्हणतो, मागंच बरं हाय. कुणी न सांगता तो टोपल्यांमध्ये जाऊन बसतो.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीखाली थेंब दिसला तर आधी कुणावर ओरडू नका, खाली वाकून बघा. एखादी गोष्ट एक घर जरी मागंपुढं बसली असेल, तर ती ध्यानात ठेवू नका, दुरुस्त करा. माणसाचं ध्यान हसण्याबोलण्यात जातं, आणि ते जावंच, त्यासाठीच तर माणूस असतो.

आणखी एक विनंती आहे. रोज सकाळी, तीनचाकी येण्याआधी, हरिदास काठी टेकत अंगणात येतो. माझं डावीकडचं दार उघडून आत बसतो आणि घराकडं तोंड करून हाक मारतो, "कुंडल्या, ये की. मी मागं न्हाय, हितं हाय, तुझ्या शेजारी." किल्ली खुंटीवरच राहते. थोड्या वेळानं तो उतरतो आणि दार अगदी हळू लावतो.

तुम्हाला सोलापूरच्या वाटेवर तीनचाकीच्या मागं, टोपल्यांमध्ये बसलेला कुणी दिसला, तर माझं नाव सांगू नका. त्याला एवढंच सांगा, हरिदासकाका गाडीत बसून वाट बघतायत.