शकुनाच्या पाच

मनोहररावांच्या टेबलावर एक अंडं ठेवलेलं होतं आणि त्या अंड्याला सुरकुत्या होत्या. सव्वीस आठवड्यांच्या, ऐन भरातल्या कोंबडीनं घातलेलं अंडं. पण दिसायला पेन्शनच्या रांगेत उभ्या माणसाच्या कपाळासारखं. मनोहररावांनी ते बशीत फोडलं. पांढरं पाण्यासारखं पसरत कडेपर्यंत गेलं आणि मधला बलक पोरक्यासारखा एका बाजूला कलंडला.

"पाह्य," ते म्हणाले. "हे तुह्या हातचं काम."

प्रेमिला रामटेकेनं पाहिलं. कोराडीहून सावनेरकडं जाताना लागणाऱ्या या लेयर फार्मवर, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांच्या फार्मवर, ती नऊ वर्षं लसीकरणाची मुकादम होती. हाताखाली सात बायका. तिनं आजवर या फार्मवर पुष्कळ कामं केली होती, अंडी घालण्याचं मात्र कधी केलं नव्हतं. हे बोलून दाखवायचा मोह तिनं आवरला. खुर्चीत लस कंपनीचा अश्विन बसला होता, आणि टाय घातलेल्या माणसासमोर मालक विनोद सहन करत नाहीत, हा तिचा अनुभव होता.

ही तिसरी बॅच होती. तिन्ही वेळा तेच. नव्या कोंबड्या येतात, महिन्याभरात शिंकायला लागतात, बारा हजार कोंबड्यांचं शेड संध्याकाळी दम्याच्या वॉर्डासारखं घरघरतं. आठ-दहा दिवसांत सगळ्या बऱ्या होतात. लोक पेढे वाटायच्या बेतात असतात, तेवढ्यात अंडी येतात, ती ही अशी. रोगाचं नाव आयबी. कोंबड्यांच्या श्वासनळीचा विषाणू. जाता जाता अंडाशयाच्या वाटेची वासलात लावून जातो.

पहिल्या वेळी मनोहररावांनी दोष दिला कोराडीच्या वीजकेंद्राकडून वाऱ्यावर येणाऱ्या राखेला. दुसऱ्या वेळी मक्याला आणि दक्षिणेकडच्या फाटकाला. मका बदलला, फाटक पूर्वेला नेलं. विषाणूला दिशांचं ज्ञान नसावं. तो पूर्वेकडूनही व्यवस्थित आला.

"व्हायरस बदलला, सर," अश्विन दर वेळी सांगायचा. "आपल्यालाही बदलावं लागेल." म्हणजे लस बदलावी लागेल, आणि ती त्याच्याकडं असायची. या वेळी मात्र त्यानं आणखी एक शोध लावला होता. लस उत्तम आहे, डोळ्यात थेंब टाकणारे हात वाईट आहेत. आता फवारणीचं मशीन घ्यावं, हातांची गरजच नाही.

"सोमवारी याच्यावर सही पाहिजे," मनोहररावांनी एक कागद पुढं सरकवला. "थेंब नीट पडले नाही, काम हलगर्जीपणाचं झालं, असं लिहिलं आहे. सात जणींची सुट्टी. तुले ठेवतो, तू जुनी आहेस."

"आन् मी सही नाही केली तर?"

"तर दाखवून दे ना, चूक कोणाची हाय ते."

या पट्ट्यातले सगळे फार्मवाले एकमेकांचे व्याही, साडू नाहीतर दुश्मन. तिन्ही नात्यांत बातमी सारख्याच वेगानं जाते. असा कागद झाला की त्या सात बायकांना पारशिवनीपर्यंत कोणी फाटकातून आत घेतलं नसतं.

प्रेमिला बाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते. हलगर्जीपणा. कोंबडी काखेत धरायची, मान वळवायची, डोळ्यात एक थेंब सोडायचा आणि थांबायचं. थांबायचं हेच खरं काम. कोंबडी पापणी मिटून थेंब आत ओढेपर्यंत सोडायची नाही. लसीत निळा रंग असतो. थेंब घशात उतरला की जीभ निळी होते. प्रेमिला दर शंभरांतल्या दहांची चोच उघडून जीभ बघायची. निळी नसेल तर त्या ओळीच्या सगळ्या कोंबड्या परत. सात बायकांनी तिला यासाठी किती शिव्या दिल्या होत्या ते त्यांनाच ठाऊक. तीन बॅचेस, छत्तीस हजार डोळे.

"काय म्हणे साहेब?" सिंधूताईनं विचारलं. ती सातजणींत सगळ्यांत मोठी, आणि तिचा हात सगळ्यांत हलका.

"म्हणे, आपले हात खराब हायेत."

सिंधूताईनं स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले. "हातावरची चामडी तर याच्याच औषधानं गेली बाप्पा."

डॉ. नंदिनी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत होत्या. मेलेल्या कोंबड्यांचे आणि जिवंत कोंबड्यांच्या रक्ताचे नमुने त्यांच्याकडं गेलेच होते. रिपोर्ट घ्यायला कोणी गेलं नव्हतं, कारण अश्विनचा रिपोर्ट आधीच तयार होता. शनिवारी सकाळच्या बसनं प्रेमिला गेली.

नंदिनी मॅडमनी कागद तिच्यासमोर ठेवला. "थेंब नीटच पडलेत. रक्तात दिसतं ते. तुमच्या बायकांना माझा नमस्कार सांगा."

प्रेमिलानं कागदाची घडी घालायला घेतली.

"पण गंमत वेगळीच आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती. "या विषाणूचा अर्धा भाग तुमच्या भागातल्या जुन्या विषाणूचा आहे. उरलेला भाग चार वर्षांपूर्वी तुम्ही द्यायचात त्या लसीच्या विषाणूचा. जिवंत लस म्हणजे विषाणूच असतो, नखं कापलेला. दोन विषाणू एकाच कोंबडीत, एकाच पेशीत भेटले की अंगरखे बदलतात. मग जो तिसरा बाहेर पडतो त्याला नवी लस ओळखत नाही. भेटू द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात असतं."

"ती लस तं आम्ही कव्हाची बंद केली."

"तेच मला कळत नाहीये. तुमचं शेड दोन बॅचेसच्या मधे तीन आठवडे रिकामं असतं ना? चुना, फॉर्मॅलिन, सगळं?"

"सगळं. मी स्वतः उभी राह्यते."

"मग हा राहतो कुठं? याला भिंतीत राहता येत नाही, याला कोंबडी लागते. आतड्यात, मूत्रपिंडात महिनोन्महिने गुपचूप बसून राहतो. कोंबडी दिसायला ठणठणीत. शेडमधे एकही कोंबडी राहत नाही, खरं ना?"

"एकही नाही," प्रेमिला म्हणाली. अगदी प्रामाणिकपणे म्हणाली. नमस्कार करून ती दारापर्यंत गेली, तिथं थांबली, आणि परत वळली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, देवाच्या कोंबड्या कोंबड्यांत मोजायच्या का?"

मनोहररावांच्या आईनं पन्नास कोंबड्यांवर हा धंदा सुरू केला होता. घरात धान्याची कोठी कधी तळापर्यंत खरडू नये, मूठभर ठेवावं, म्हणजे बरकत राहते. म्हातारीनं तोच नियम कोंबड्यांना लावला. जुनी बॅच विकताना पाच कोंबड्या मागं ठेवायच्या. घर उघडं पडू द्यायचं नाही. म्हातारी गेली, पन्नासाचे बारा हजार झाले, पण शकुनाच्या पाच राहिल्या. एखादी मेली की चालू बॅचमधली एक तिच्या जागी. एकदा देवाची झाली की तिला पुढं लस नाही, कारण देवाला कोण टोचतं. मोजणीत नाव नाही. शेड धुताना त्यांना टोपलीत घालून ऑफिसच्या ओसरीवर ठेवायचं, आणि नव्या कोंबड्या यायच्या दिवशी हळदकुंकू लावून सगळ्यांत आधी आत सोडायचं.

टोपली न्यायची आणि आणायची प्रेमिलानं. नऊ वर्षं. ट्रकची चाकं औषधानं धुऊन घेणारी, पाहुण्यांना फाटकाबाहेर उभं करणारी, कावळ्यासाठी जाळी बांधून घेणारी प्रेमिला. हीच विषाणूला टोपलीत बसवून, कुंकू लावून, वाजत गाजत आत नेत होती. परतीच्या बसमधे तिला पहिला राग स्वतःचाच आला. कोराडी येईपर्यंत तो पुरला. पुढचा सगळा रस्ता मनोहररावांच्या वाट्याला आला.

दुसऱ्या दिवशी तिनं कापसाच्या काड्यांनी पाचही कोंबड्यांच्या घशाचे आणि मागचे नमुने काढून नागपूरला नेले. नंदिनी मॅडमनी रविवार असून मशीन लावलं. पाचांपैकी तिघींत विषाणू. सर्वांत म्हातारी होती लंगडी. चार वर्षांची, जुनी लस घेतलेल्या शेवटच्या बॅचमधली; बायका प्रेमानं तिला मालकीणबाई म्हणायच्या. तिच्यात तर दाटीवाटीनं.

सोमवारी प्रेमिलानं तो रिपोर्ट सही करायच्या कागदावर ठेवला.

मनोहररावांनी दोनदा वाचला. मग म्हणाले, "तू शकुनाच्या कोंबड्यांले काड्या घातल्या?"

"घातल्या."

"तुमच्यात हे मानत नाही, मले मालूम आहे. पण दुसऱ्याचं तरी—"

"मी नाही मानत साहेब," प्रेमिला म्हणाली. "पण विषाणू मानते ना. तीन बॅच झाल्या, एकदाही त्यानं मुहूर्त चुकवला नाही."

अश्विन खोकला. रिपोर्टात त्याच्या कंपनीच्या जुन्या लसीचंही नाव होतं, त्यामुळं त्याला आज बोलायची घाई नव्हती.

मनोहररावांनी खिडकीतून ओसरीवरच्या टोपलीकडं पाहिलं. तोट्यातली बॅच मागच्याच आठवड्यात विकून शेड रिकामं केलं होतं, नव्या कोंबड्या दोन आठवड्यांनी यायच्या होत्या. मालक मूर्ख नव्हते. मूर्ख माणसाशी भांडता येतं. हा हिशेबी माणूस होता आणि त्याला देव आणि अंडी दोन्ही हवी होती.

"ठीक आहे," त्यांनी सहीचा कागद फाडला. "बायका राहतील. मशीन नको. झालं समाधान?"

"आन् कोंबड्या?"

"इथं नाही ठेवत. पण आईच्या हातचा शकुन हाय, मारता थोडीच येते. सावनेरले मयुराच्या फार्मवर पाठवून देतो. पोरीनं नवीन शेड टाकलं, आठ हजाराचं. तिले आहेर होऊन जाईल. बोलेरो काढाले सांगतो, तू घेऊन जा. तुले त्याईची सवय आहे."

प्रेमिलाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग तिला वाटलं, मॅडमनी जे होऊ द्यायचं नाही म्हणून सांगितलं ते सगळं ह्या माणसानं पाच मिनिटांत करून दाखवलं. विषाणूनं इतकी वर्षं रानोमाळ कष्ट करून जी वाट शोधली असती, ती यानं बोलेरोत बसवून, पोरीच्या मायेपोटी उघडून दिली.

"साहेब, ती तुमची लेक हाय."

"म्हणून तं देऊन राहिलो."

प्रेमिला ओसरीवर आली. बायका शेडच्या दाराशी उभ्या होत्या, ड्रायव्हर गाडी पुसत होता. तिनं टोपली उचलली आणि बोलेरोवरून पुढं, मेलेल्या कोंबड्यांच्या चुन्याच्या खड्ड्यापाशी नेली. झाकण काढलं. मालकीणबाईला काखेत धरलं, नऊ वर्षं धरायची तसंच. मान वळवली. या वेळी मात्र पापणी मिटायची वाट पाहिली नाही.

पाचवी होईपर्यंत मनोहरराव धावत पोचले होते. धोतराचा सोगा हातात, पायात एकच चप्पल.

"काहून केलं वं? काहून केलं हे?"

"मोजणीत नव्हत्या, साहेब," प्रेमिला म्हणाली आणि वरून चुना टाकला. "तुमचं काहीच कमी झालं नाही."

तिला त्याच दिवशी काढलं. कागद फाटलेला होता, आणि फाडलेला कागद जोडण्याइतका हिशेबी माणूसही खाली वाकत नाही, त्यामुळं बायका राहिल्या. पारशिवनीपर्यंत बातमी गेली की एका बाईनं मालकाचा शकुन मारला. प्रेमिलाला कोणी फाटकातून आत घेतलं नाही. ती गावातल्या शाळेत खिचडी शिजवायला लागली.

सात महिन्यांनी सिंधूताईचा फोन आला. नवीन बॅच एकदाही शिंकली नव्हती. अंडी अशी गुळगुळीत की हातातून सटकतात. मालकांनी नव्या लसीचं श्रेय म्हणून अश्विनचा शाल-नारळ देऊन सत्कार केला होता.

"आन् तुह्या पोटात का दुखून राहिलं मग?" प्रेमिलानं विचारलं. सिंधूताई आनंदाच्या बातमीसाठी फोन करणाऱ्यांतली नव्हती.

"साहेबानं पाच कोंबड्या बाजूले काढाले सांगतल्या."

"परत शकुनाच्या?" प्रेमिलानं विचारलं.

"आता शकुनाच्या नाही म्हणत वं. अश्विनसाहेबानं इंग्लिश नाव काढलं, सेंटिनल. म्हणजे पहारेकरी. नव्या बॅचमधे रोग आला तर पहिले त्याईले कळते म्हणे. पिंजऱ्यावर बोर्ड लावला. कुंकू नाही, नुसता बोर्ड. टोपली मले देली, म्हणे तुहा हात चांगला आहे."

अंगरखा बदलला होता. आतला जीव तोच.

प्रेमिलानं चुलीवरच्या खिचडीचा जाळ कमी केला, कारण राग आला की तिच्या हातून खालून करपायचं.

"सिंधूताई, चुन्याचा खड्डा तिथंच आहे ना?"

पलीकडून शेडचा आवाज आला. बारा हजार कोंबड्या, एकीच्याही घशात घरघर नाही.

"तिथंच आहे," सिंधूताई म्हणाली. "थांब, फोन ठेवते. दोन्ही हात लागतील."