चपलांचा बुडबुडा

पालघरच्या त्या कॉलेजात संगणकाचा वर्ग १९९१ साली सुरू झाला, तेव्हा संगणक एकच होता. तो विद्यार्थ्यांनी बघण्यासाठी आहे, हात लावण्यासाठी नाही, असं प्राचार्यांचं मत होतं. खोलीत शिरण्याआधी चपला बाहेर काढायच्या, हा नियम मात्र सर्वांना मान्य होता. देवळाबाहेर काढतात, मग इथे का नाही? हा तर देवापेक्षा महाग होता.

शिकवायला होते भगवंत सर, परभणीहून आलेले. आकडे चढत्या क्रमाने कसे लावायचे, इथे त्यांची गाडी अडायची. रीत सोपी. शेजारचे दोन आकडे बघायचे, डावा मोठा असेल तर अदलाबदल करायची, मग पुढची जोडी. टोकाला पोचलं की पुन्हा पहिल्यापासून. दर फेरीला मोठा आकडा, पाण्यातला बुडबुडा वर यावा तसा, टोकाला सरकतो. म्हणून नाव बुडबुडा. पण फळ्यावर हे करायचं म्हणजे लिहा, पुसा, पुन्हा लिहा. तिसऱ्या फेरीपर्यंत फळा, सर आणि पहिला बाक असे तिघेही पांढरे होत आणि कुणालाच काही कळत नसे.

त्या दिवाळीच्या सुट्टीत सर परभणीला गेलेच नाहीत. त्यांनी प्रोग्राम लिहिला. पडद्यावर लहानमोठ्या दहा उभ्या पट्ट्या. दोन शेजारच्या लुकलुकायच्या, उंच असेल ती उजवीकडे उडी मारायची. पहिल्यांदा चालवला तर यंत्राच्या वेगापुढे डोळ्यांना काही दिसेना. मग सरांनी यंत्राला शिस्त लावली: दर पावलाला मनातल्या मनात दोन हजारांपर्यंत मोजायचं आणि मगच पुढे जायचं. यंत्राला मुद्दाम कचेरीच्या चालीने चालायला लावणारा माणूस त्या तालुक्यात तरी दुसरा नसावा.

सुट्टीनंतर वर्गाला दाखवलं. दुसऱ्या फेरीला नवसी उठून उभी राहिली. डोंगराकडच्या पाड्यावरून येणारी ही मुलगी दोन महिन्यांत हजेरीपलीकडे एक शब्द बोलली नव्हती.

"सर, ती उंचवाली आता कोनाला ऐकत नाय," ती म्हणाली. "भिंतीपर्यंत जानार."

आणि ती गेली. अख्खा वर्ग पुढची पट्टी कुठे थांबणार ते ओरडून सांगू लागला. भगवंत सर पाणी पिण्याच्या निमित्ताने व्हरांड्यात गेले, दोन ग्लास पाणी प्यायले आणि तिसरा डोक्यावर ओतून आत आले. त्यानंतर दोन वर्षं तो प्रोग्राम रोज चालला. खोलीला कुलूप लावायचं काम शिपाई झिपरूचं. पन्नाशीचा माणूस, तोही दाराला टेकून रोज शेवटच्या फेरीपर्यंत थांबायचा.

त्र्याण्णव साली मान्यता समिती येणार असल्याचं पत्र आलं. समितीने होकार दिला तर वर्ग कायम. नकार दिला तर बंद, आणि बावीस मुलं कॉमर्सला. सरांना काळजी नव्हती. पाच मिनिटं पट्ट्या दाखवायच्या, बस्स.

पण संस्थेला अब्रू असते. बोईसरच्या एका कारखानदाराने समितीच्या सन्मानार्थ नवा कोरा, रंगीत पडद्याचा संगणक आदल्या दिवशी भेट दिला. प्राचार्यांनी जुना संगणक जिमखान्याच्या खोलीत बंद केला. त्या खोलीची किल्ली खेळांच्या सरांच्या खिशात होती आणि खेळांचे सर खो-खोचा संघ घेऊन सफाळ्याला गेले होते. भगवंत सरांकडे प्रोग्रामची फ्लॉपी होती, पण ती नुसती चालवण्यापुरती. त्यात फेरफार करायचा तर मूळ मजकूर जुन्या यंत्रातच.

समितीचे तिघे चपला-बूट काढून आत आले. अध्यक्ष डॉ. आत्माराम नाबर गंभीर गृहस्थ होते. भगवंत सरांनी बुडबुडा समजावला, "आता बघा," म्हणाले आणि बटण दाबलं.

पडदा एकदा थरथरला. दहाही पट्ट्या चढत्या क्रमाने उभ्या. नवं यंत्र दोन हजारांपर्यंत इतक्या झटक्यात मोजत होतं, की पाऊण मिनिटाचा खेळ डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपला.

सरांनी पुन्हा दाबलं. पुन्हा थरथर, पुन्हा रांग.

नाबरसाहेबांनी आयुष्यात दोनशे कॉलेजं तपासली होती. तपासणीच्या दिवशी उत्तरं आधीच पाठ असतात, ग्रंथालयातली पुस्तकं शेजारच्या गावातून आलेली असतात, हे त्यांना ठाऊक होतं.

"हे चित्र आधीच काढून ठेवलेलं दिसतंय," ते शांतपणे म्हणाले.

सर यंत्राचा वेग, मोजणी, जिमखाना, सफाळे असं सगळं एका दमात सांगू लागले. त्यातलं सफाळे तेवढं समितीला समजलं. साहेबांनी वही मिटली आणि सगळे बाहेर निघाले. भगवंत सरांना कॉमर्सच्या वर्गात तोंड पाडून बसलेली नवसी दिसू लागली.

दारात साहेब थबकले. त्यांचे बूट जागेवर नव्हते. सगळ्यांची पायताणं व्हरांड्याच्या टोकाच्या भिंतीपर्यंत एका रांगेत होती आणि झिपरू त्यांच्यापुढे उकिडवा बसला होता. दोन शेजारचे जोड तो टाचेला टाच लावून बघे, डावा मोठा असला तर जागा बदले, मग पुढे सरके.

"माझे बूट द्या," साहेब म्हणाले.

"थांबा साहेब, अजून दोन फेऱ्या बाकी हायेत."

झिपरूने मान वर केली नाही. प्राचार्यांचा चेहरा जिमखान्यात बंद करण्यासारखा झाला. भगवंत सरांच्या मात्र अंगावर काटा आला. दाराबाहेर रोज रांगेत लावलेल्या चपला बघून दोन वर्षं त्यांना वाटत होतं, झिपरूला टापटीप आवडते.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"आतलंच हाय. पट्ट्यांचं," झिपरू म्हणाला. "मोठा जोड भिंतीला जातो. एका फेरीला एक नक्की. तुमचे बूट पयल्या फेरीलाच गेले, ते आता हलनार नाय."

साहेबांनी टोकाला पाहिलं. बूट तिथेच होते. ते घालायचे सोडून ते मोज्यांवर रांगेच्या कडेकडेने झिपरूबरोबर सरकू लागले. मागून दोघे सदस्य. फेरी संपली. पुढच्या फेरीत एकही जोड हलला नाही, तेव्हा झिपरूने हात झटकले.

"पण," नाबरसाहेब आता उकिडवे बसले होते, "एवढी अदलाबदल कशाला? सरळ सगळ्यात मोठा शोधून टोकाला का ठेवत नाहीस?"

झिपरूने सरांकडे बघितलं. सर एकदम पुढे आले.

"साहेब, तो आमचा पुढच्या आठवड्याचा धडा आहे."

साहेबांनी वही उघडली, तिथेच जमिनीवर बसून चार ओळी लिहिल्या आणि वर्ग कायम झाला. अहवालात 'पादत्राणे' हा शब्द तीनदा आल्यामुळे मुख्य कचेरीने नंतर खुलासा मागवला, तो भाग वेगळा.

किल्ली संध्याकाळी आली. भगवंत सरांनी मूळ मजकुरातली मोजणी खोडून टाकली. आता कुणी बटण दाबेल तेव्हाच पट्टी एक पाऊल पुढे जाणार होती. यंत्र कितीही नवं येवो, चाल बघणाऱ्याची. मग त्यांनी झिपरूला आत बोलावून खुर्चीवर बसवलं.

"दाबा."

झिपरूने एक बोट पुसून बटणावर ठेवलं. दोन पट्ट्या लुकलुकल्या. तो थांबला, बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला.

"ही हलनार," तो म्हणाला आणि मगच दाबलं.