नऊ डिसेंबरचं ऊन

इंगा मॅडमनं नोव्हेंबरच्या गठ्ठ्याची सुतळी सोडली, तेव्हा पत्रू उंदीरवाडेच्या हातातला तांब्या हिंदकळला. नोव्हेंबरनंतर डिसेंबर येतो, हे काही त्याला नव्यानं कळलं नव्हतं. पण त्या दिवशी ते पोटात कळलं.

आरमोरीहून वैरागडकडे जाताना एक बोडकी टेकडी लागते. तिच्यावर एक खोली, खोलीपुढे चौथरा आणि चौथऱ्यावर संत्र्याएवढा भरीव काचेचा गोळा. ऊन त्या गोळ्यातून खालच्या निळ्या कार्डावर पडायचं आणि कार्ड जळत जायचं. सूर्य सरकेल तशी काळी रेघ सरकायची, ढग आला की तुटायची. सूर्य बुडाल्यावर कार्ड काढायचं, नवं घालायचं, रेघ मोजायची आणि किती तास ऊन पडलं ते वहीत मांडायचं. एवढीच पत्रूची नोकरी. गावातले टवाळ त्याला सरकारी सूर्यनारायण म्हणायचे, तोही हसून घ्यायचा.

पण कार्डांचा मामला हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सहा देश मिळून पृथ्वीभोवती सूर्याच्या दुर्बिणींची माळच घालणार होते. एका देशात सूर्य बुडाला की पुढच्या देशातली दुर्बीण त्याला धरणार. सूर्य म्हणे घंटेसारखा आतून थरथरतो, आणि ती थरथर खंड न पडता टिपली तरच त्याच्या पोटातलं कळतं. भारतातल्या जागेसाठी तीन टेकड्या शर्यतीत होत्या, त्यात ही एक. टेकडी निवडली गेली तर दुर्बीण येणार होती, दुर्बिणीमागून गावात वीज येणार होती, आणि रोजंदारीवरचा पत्रू कायम होणार होता. म्हणून तर सत्त्याऐंशीच्या जानेवारीत जर्मनीच्या इंगा मॅडम सातशे कार्डं तपासायला आल्या होत्या. त्यांच्यासोबत नागपूरचे दफ्तरदार साहेब होते. मॅडमचं इंग्रजी मराठीत आणायचं आणि पत्रूचं मराठी इंग्रजीत न्यायचं, हे काम त्यांच्याकडे. जीपमधून उतरतानाच त्यांनी पत्रूला बजावलं होतं की एक कार्ड जरी खोटं निघालं, तरी सगळी सातशे पाण्यात जातील.

आणि एक खोटं होतं. नऊ डिसेंबर, पंच्याऐंशी.

आठ तारखेला संध्याकाळी रुखमाला अवेळीच कळा सुरू झाल्या. आठचं कार्ड तेवढं निघालं, नऊचं घालायचं राहूनच गेलं. पहाटे पत्रूनं बैलगाडी जुंपली. दवाखाना वैनगंगेपलीकडे. नदी दिसायच्या आधीच गाडीत पोरगी झाली आणि नदीच्या काठावर पोचेपर्यंत गेलीसुद्धा. तिथंच वाळूच्या वरच्या अंगाला तिला पुरून दोघं परतली. दहा तारखेला पत्रू टेकडीवर आला, तर नऊचं कार्ड कोरंच्या कोरं. आता काय करायचं? गैरहजर लिहिलं तर नोकरी जाईल, या भीतीनं त्याची अक्कल गहाण पडली. त्यानं कार्डं घरी नेली, बुद्धाच्या फोटोपुढची उदबत्ती पेटवली, सातचं कार्ड समोर ठेवून तशीच रेघ नऊच्या कार्डावर जाळली, आणि वहीत नऊ तास ऊन लिहिलं. रुखमा दाराशी उभी राहून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "तो दिवसबी जाळला तुमी." त्यानंतर तेरा महिने दोघांत त्या दिवसाचं नाव निघालं नव्हतं.

मॅडम एकेक कार्ड उजेडाकडे धरत होत्या, भिंगातून बघत होत्या, बाजूला ठेवत होत्या. डिसेंबरचा गठ्ठा सुटला. पाच, सहा, सात. आठ. मग नऊ त्यांच्या बोटांत आलं. भिंग रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं, परत आलं, आणि मॅडम हसल्या.

त्यांनी ते कार्ड वेगळं काढून ठेवलं. साहेबांनीही हसतहसत पत्रूच्या पाठीवर थाप मारली. सातशेत इतकी स्वच्छ रेघ दुसरी नाही, असं मॅडमचं म्हणणं होतं. अहवालाच्या पहिल्या पानावर ह्याच कार्डाचा फोटो लागणार आणि सहा देशांत जाणार.

आता खरं तर सुटलो म्हणायचं. पेढे वाटायचे. पण पत्रूच्या जिवाला जे लागलं ते भलतंच. खोटं गठ्ठ्यात दबून राहिलं असतं तर त्यानं ते जन्मभर निभावलं असतं. ते मिरवायला निघालं, हे त्याला सोसेना. मॅडमसाठी चहा घेऊन आलेली रुखमा दाराशी थांबली होती. पत्रूनं तिच्याकडे बघितलंच नाही, बघायची हिंमतच नव्हती.

"सायेब, ते कार्ड सूर्याचं नाई जी," तो म्हणाला. "मी उदबत्तीनं जाळलो."

दफ्तरदारांचा चेहरा पडला. मॅडम काय झालं म्हणून विचारत होत्या. साहेब दबक्या आवाजात पत्रूला म्हणाले, "तोंड मिट. स्वतःच्या पोटावर पाय आणतोस, आणि गावाच्याही?" मग मॅडमकडे वळून ते हसले आणि इंग्रजीत काहीबाही बोलले. त्यातलं 'व्हेरी हॅपी' तेवढं पत्रूला कळलं. मॅडमनं मान डोलावून पुढचं कार्ड उचललं.

पत्रूनं फळीवरच्या पुड्यातून उदबत्ती घेतली, काडी ओढली, कोरं कार्ड टेबलावर ठेवलं आणि मॅडमच्या डोळ्यांदेखत त्यावरून उदबत्तीचं टोक ओढत नेलं. रेघ चांगली आली. खोलीत वास पसरला. साहेब त्याचा दंड धरू गेले, पण मॅडमनं त्यांना हातानं थांबवलं. त्यांनी दोन्ही कार्डं शेजारी ठेवली आणि भिंग न उचलताच त्यांना कळलं.

मग मॅडम शांतपणे बोलल्या आणि या खेपेला साहेबांनी शब्दन् शब्द मराठीत आणला. आवाजात राग होता, पण लपवालपवी नव्हती. एक कार्ड हातानं केलेलं असेल तर टेकडी शर्यतीत राहत नाही. मॅडमना तसं लिहावंच लागेल. दुर्बीण इथं येणार नाही. मात्र वह्यांच्या प्रती सहाही देशांत जायच्या आहेत, तेव्हा ती ओळ खरी झाली पाहिजे. मॅडमनं तांबड्या पेन्सिलीनं नऊ तास खोडले, पुढच्या कारणाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि पेन पत्रूपुढे धरलं.

दुर्बीण गेली, वीज गेली, नोकरीही गेल्यातच जमा. पत्रू खाली बसला. त्यानं लिहिलं, निरीक्षक गैरहजर. मग त्याच रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं, मुलगी झाली, त्याच दिवशी वारली. लिहिताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यानं बाहीनं टिपलं, वहीवर पडू दिलं नाही. ग्रामपंचायतीच्या कुठल्याच वहीत ही पोरगी नव्हती, ना जन्मल्याची नोंद, ना गेल्याची.

साहेबांनी वाकून वाचलं. सरकारी वहीत हे चालत नाही, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यांनी ते मॅडमना सांगितलं. मॅडमनं खालच्या आवाजात काहीतरी विचारलं.

"नाव विचारताहेत," साहेब म्हणाले.

"नाव कायचं जी," पत्रू म्हणाला. "ठेवाले टाइमच नाई भेटला."

"ठेवली होती मी," दारातून रुखमा म्हणाली. चहाचे कप अजून तिच्या हातातच होते. "गाडीतच ठेवली होती. सुजाता. लिवा."

पत्रूनं मान वर करून तिच्याकडे बघितलं. तेरा महिने ती त्याच्याच घरात हे नाव एकटीनं घेऊन वावरत होती. त्यानं पेन टेकवलं. हाताला घाम आला होता म्हणून 'सु' पुसट उमटला. त्यानं तो पुन्हा गिरवला.