कोऱ्या जागेतली शाळा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. आज रविवार. उद्या सकाळी कार्यालय उघडेपर्यंतच मला बोलायला वेळ आहे, म्हणून घाईघाईत सांगतो.

इथल्या आरेखक काकांनी मला जाड कापडी कागदावर काढलं. वाकून वाकून बिचाऱ्यांची पाठ धरली, पण एक गल्ली, एक विहीर, एक नाला सुटला नाही. लोक म्हणायचे, "नकाशा असावा तर असा!" मी फुशारून जायचो. खोटं कशाला बोलू?

पुढे वस्ती वाढली. माझ्यावर खाडाखोड नको म्हणून नियम झाला. प्रत्येक खात्याने आपली माहिती वेगळ्या पारदर्शक कागदावर काढायची, तो माझ्यावर अंथरायचा आणि काम झालं की गुंडाळून आपल्या कपाटात ठेवायचा. सोमवार रस्ते खात्याचा, बुधवार शाळा खात्याचा, शुक्रवार आरोग्य खात्याचा. दोन खात्यांचे कागद माझ्यावर एका वेळी कधी पडलेच नाहीत.

तिथेच घात झाला. टेकडीखालची शाळा माझ्यानंतर बांधलेली. माझ्यावर तिथे नुसती कोरी जागा आहे. शाळा दिसते ती बुधवारच्या कागदावर. एका सोमवारी रस्ते खात्याच्या साहेबांनी त्या कोऱ्या जागेला चिकटून मालट्रकच्या रस्त्याची रेघ ओढली आणि खुशीत म्हणाले, "मोकळं रान आहे. कुणाची कटकट नाही!"

आरोग्य खात्याच्या नर्सताई दम लागणाऱ्या प्रत्येक मुलासाठी आपल्या कागदावर लाल ठिपका काढत. टेकडीखाली तेव्हाच अकरा ठिपके होते. त्यातला एक त्यांच्या सख्ख्या भाचीचा, दुसरीत शिकणाऱ्या पोरीचा. रस्त्याचं त्यांच्या कानावर आलं. खात्याखात्यांचे उंबरठे झिजवत त्या सांगत फिरल्या, "अहो, एकदाच तिन्ही कागद एकावर एक ठेवून बघा. दुसरं काही मागत नाही."

साहेब म्हणाले, "रस्ता आमचा, खोकला तुमचा. आमचा काय संबंध?"

शाळा खातं म्हणालं, "कागद बाहेर काढायला वरची सही लागते."

शेवटी कशीबशी बैठक ठरली. ताई तासभर आधी येऊन बसल्या. साहेब आले. शाळेचा कागद मात्र आला नाही, सही राहिली होती. "तिथे शाळा आहे," असं ताई सांगत राहिल्या, पण कागदावर नाही ते साहेब धरेनात. मी माझं कोरं तोंड घेऊन पडून राहिलो. मला ओरडता आलं असतं तर! रस्ता मंजूर झाला.

आता तिथून दिवसभर धूर-धूळ उडवत ट्रक धावतात. परवा शुक्रवारी शाळेच्या कागदावर सही मिळाली. वरातीमागून घोडं! ताईंनी साहेबांना अक्षरशः ओढून आणलं आणि तिन्ही कागद माझ्यावर अंथरले. रस्ता, त्याला खेटून शाळा आणि भोवती लाल ठिपके. एकोणतीस.

साहेबांनी शाळेवर बोट टेकवलं. "ताई, शाळा इतकी खेटून आहे?"

"आहे. काल तिथूनच भाचीला दवाखान्यात नेलं. दोन शब्द बोलली की धाप लागते तिला."

मग साहेब पुटपुटले, "रस्ता आता उखडता येणार नाही. शाळेच्या वेळात ट्रक थांबवता येतील, पण तिन्ही खात्यांनी मिळून लिहून द्यायला हवं." उद्या सोमवारी दुपारी तिन्ही खात्यांची माणसं येणार आहेत म्हणे; मध्ये शनिवार-रविवारची सुट्टी, म्हणून तिन्ही कागद अजून माझ्यावरच अंथरलेले आहेत. मागच्या वेळीही येणारच होते. माझा जीव टांगणीला लागला आहे.

कारण सकाळी आधी शिपाईदादा येतात. टेबल आवरायचं आणि ज्याचा कागद त्याच्या कपाटात ठेवायचा, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम. ताईंनी कडेला 'कागद हलवू नका' अशी चिठ्ठी लावली होती, ती पंख्याच्या वाऱ्याने कपाटाखाली गेली. शाळेचा कागद एकदा कपाटात गेला की पुन्हा वरची सही लागणार.

मित्रांनो, मोठेपणी तुम्ही कुठल्याही खुर्चीत बसाल. समोर कोरी जागा दिसली तर रेघ ओढण्याआधी शेजारच्या खोलीत जाऊन विचारा, "इथे कुणी राहतं का?" पण ते पुढचं. उद्या सकाळी तुमच्यापैकी कुणीतरी लवकर या. शिपाईदादांना एवढंच सांगा, "दादा, दुपारपर्यंत हे कागद हलवू नका. खाली मुलं आहेत."