एनिडबाईंचं टाकीचं कपाट

इंग्लंडातल्या हॅलिफॅक्स गावातल्या निम्म्या घरांमधल्या गरम पाण्याच्या टाक्या बॅरी क्रॅबट्रीने उपटल्या होत्या आणि तिथे टाकीशिवाय, लागेल तसं पाणी तापवणारे कॉम्बी बॉयलर बसवले होते. कॉम्बीचं गुणगान तो इतकं गायचा, की बायको जॅनिस विचारायची, तुझं लग्न नक्की कुणाशी झालंय? फक्त एका घरात त्याची डाळ शिजत नव्हती. ते घर सासूबाईंचं.

एनिडबाई एकट्या राहायच्या. अकरा वर्षांत त्यांनी जावयाला एकदा म्हणून ‘छान’ म्हटलं नव्हतं. चहा करतो तो पांचट, गाडी लावतो ती वाकडी, आणि भिंतीला भोक पाडतो ते तर विचारूच नका. बॅरीच्या मनाला ते फार लागायचं. ऑक्टोबरात त्यांचा जुना बॉयलर गचकला, तेव्हा त्याने ठरवलं, या कामात म्हातारीच्या तोंडून ‘छान’ वदवून घ्यायचंच.

शनिवारी त्याने सगळं नीट समजावलं. घरात माणसं चार अन् न्हाणीघरं दोन असती, तर टाकीवाला सिस्टिम बॉयलर ठीक होता. दोघं एकदम आंघोळीला गेले तरी पाणी पुरतं. पण टाकी संपली की पुन्हा तापेपर्यंत बसा कुडकुडत. तुम्ही एकट्या, न्हाणीघर एक, नळाला जोर तर गल्लीत सगळ्यांत जास्त. कॉम्बी घ्या, नळ सोडला की गरम पाणी, शिवाय टाकी ज्यात उभी आहे ते वरचं कपाटही मोकळं होईल.

“कपाट आहे तसंच राहील, टाकीसकट,” एनिडबाई म्हणाल्या. का, ते काही त्यांनी सांगितलं नाही. बॅरीचं डोकंच फिरलं.

दर रविवारी तो पोरींच्या संघाला फुटबॉल शिकवताना पावसात चिंब भिजायचा आणि तसाच सासूबाईंकडे जेवायला जायचा. दारातच जॅनिस त्याच्या हातात ऊन ऊन मोजे आणि स्वेटर ठेवायची. या रविवारी जॅनिस अजून पोचली नव्हती. तेव्हा ओल्या पायांनीच तो टेप घेऊन वर गेला आणि मापं घ्यायला कपाट उघडलं.

बॉयलर गेला तरी टाकीतल्या विजेच्या हीटरवर भागत होतं, त्यामुळे टाकीच्या धगीने आत छान ऊब होती. टाकीच्या अगदी वरच्या फळीवर त्याचे राखाडी मोजे आणि स्वेटर घडी घालून ठेवले होते. फळीवर जुनी, पिवळी पडलेली चिठ्ठी होती, एनिडबाईंच्या हातची: ‘बॅरी. शनिवारीच ठेवणे.’

“बघत काय उभा राहिलास, पोरा? घाल,” मागून एनिडबाई म्हणाल्या.

बॅरी जिन्याच्या पायरीवर बसला. अकरा वर्षं तो एका शब्दासाठी कान देऊन बसला होता, आणि तो शब्द दर रविवारी पायात घालत होता.

“एनिड, तुम्हाला कॉम्बी नाही जमायचा,” तो मोजे चढवत म्हणाला. “सिस्टिम बॉयलरच घ्या. नळाला जोर कमी आहे.”

“काल तर गल्लीत सगळ्यांत जास्त होता.”

“मोजताना चुकलो असेन.”

एनिडबाईंनी कपाटाचं दार लावून घेतलं.

“तरीच भोकं वाकडी पडतात,” त्या म्हणाल्या, आणि त्याचे ओले मोजे उचलून वाळत घालायला घेऊन गेल्या.