जाड्याचं पथ्य

राजाबाईंचा आवाज देवासच्या थोरल्या पातीत चढला की धाकट्या पातीतली कुत्री उठून बसतात, असं त्यांचे यजमान कृष्णराव म्हणत. गाव एकच, पण मधल्या रस्त्याच्या अलीकडे एक राजा, पलीकडे दुसरा. कचेऱ्या वेगळ्या, कायदे वेगळे. राजाबाईंचा आवाज तेवढा दोन्ही राज्यांत परवान्याशिवाय फिरायचा. आवाज कुणीही ऐकावा, अंग मात्र परक्या पुरुषाच्या नजरेस पडू नये, हा घरचा रिवाज. पागेवरच्या अंमलदाराची बायको, पडदा कडक.

कृष्णरावांना मधुमेह निघाला तो मोरीत लघवीला लागलेल्या मुंग्यांवरून. धारहून भिकाजीपंत वैद्य आले. रावांच्या पोटाकडे बघून म्हणाले, हे खाऊन कमावलेलं दुखणं. तूप, दूध, भात, गूळ बंद. जवाची कोरडी भाकरी, कारलं, मुगाचं कढण, आणि रोज टेकडीपर्यंत पायी. राव कुरकुरत चालू लागले आणि खरोखरच हलके झाले.

वर्ष गेलं नाही तर बायकांच्या मोरीलाही मुंग्या लागल्या. राजाबाईंनी आधी मोलकरणीला फैलावर घेतलं, मग स्वतःच्या तहानेकडे लक्ष गेलं. घागर संपे, तोंड कोरडं ते कोरडंच. वैद्य रावांना बघायला आले होते, तेव्हा पडद्याआडून त्यांनाच विचारलं. ते नाडी मागू लागले, तर म्हणाल्या, आत्ताच रावांची पाहिलीत ना, एकाच घरात राहतो आम्ही. तेवढ्यात मोलकरणीच्या हातून पितळी पडली आणि राजाबाईंनी तिचा असा उद्धार केला, की बाहेर बसलेल्या वैद्यांना वाटलं, एवढा आवाज निघायचा तर मागे तेवढा देह असणारच. त्यांनी बाईसाहेबांनाही रावांचंच पथ्य सांगितलं.

राजाबाईंनी ते नवऱ्याहून कडक पाळलं. परसात विहिरीभोवती फेऱ्या घालायच्या, कारल्याचा रस तोंड वाकडं न करता घ्यायचा. राव चार घास चोरून खायचे, त्या एकही नाही. तरी राव घोड्यासारखे टवटवीत, आणि राजाबाईंचे पाय जिना चढताना थरथरत. मुळात काडी, त्यात बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. भेटायला येणाऱ्या बायका म्हणत, वा, पथ्य लागू पडलं. रावांचंही वजन उतरलं होतं, तो गुणच होता ना? मग आपलं उतरतंय ते काय? राजाबाईंना उमजेना. एकच रोग, एकच चूल, एकच भाकरी. गुण एकालाच का? कधी वाटे जव जुना असेल, कधी वाटे आपणच कुठे चुकलो. त्यांनी मुगाचं कढणही निम्मं केलं.

त्या दिवशी त्या विहिरीपाशी मटकन खाली बसल्या. सून मालन धावली. सासूपुढे तोंड उघडायची तिची रीत नव्हती, पण हात धरून उठवताना ती बोलून गेली, "आत्याबाई, वैद्यांनी तुमचा आवाज पाहिलाय. तुम्हाला नाही."

राजाबाई काहीतरी लागट बोलणार होत्या, पण तेवढा दम उरला नव्हता.

त्या धारला भावाकडे, उदाजीरावांकडे गेल्या. वैद्य त्याच गावचे; ते आले तेव्हा भाऊ पडदा सोडू लागला. "राहू दे," राजाबाई म्हणाल्या. "ह्यांना चांगलं बघू दे. कपड्यात किती बाई उरलीय ते."

भिकाजीपंतांनी पाहिलं आणि नाडी धरली. मग म्हणाले, माझी चूक झाली. हा रोग दोन जातींचा. जाड माणसाचा असतो त्याला उतरवायचं. कृशाचा असतो त्याला पोसायचं. गूळ, भात तुम्हालाही वर्ज्य, पण तूप, अंडी, मटणाचा रस्सा हवा, फेऱ्या बंद.

"मुंग्या त्याच, नाव तेच, आणि पथ्य उलटं?"

"देवास एकच ना, बाईसाहेब? मग थोरल्या पातीचा कायदा धाकटीत का लावत नाही?"

हे त्यांना कळलं. कळलं नाही ते पुढचं. मी बरी होईन ना, असं विचारल्यावर वैद्यांनी उत्तर देण्याआधी पगडी सारखी केली. रावांचा रोग आवरतो, म्हणाले, तुमचा दांडगा आहे. पोसलंत तर त्याच्याशी काही काळ भांडता येईल.

"भांडायला मला शिकवू नका," राजाबाई म्हणाल्या. पण आवाज खोलीबाहेर गेला नाही.

देवासला आल्यावर खरी पंचाईत ताटाची झाली. नवऱ्याच्या पानात कोरडी भाकरी, आणि बायको मात्र वर तूप ओतून रस्सा खाणार. तेही, भुकेलं थांबायचं नाही असं वैद्यांनी बजावलं म्हणून, त्याच्या आधी. जन्मात न घडलेली गोष्ट. राजाबाई घास हातात घेऊन बसल्या. हे औषध की विष, हे त्यांना अजून नक्की ठरवता येत नव्हतं. वर्षभर ह्याच तुपाला वैरी म्हटलं होतं. राव समोरच्या पाटावर बसून वासानेच कासावीस झाले होते.

"खा," ते म्हणाले. "मी बघत नाही."

"बघा की," राजाबाई म्हणाल्या, "नाही तर चोरून खाते म्हणाल." आणि घास तोंडात घातला. मालनने न विचारता पळीभर तूप आणखी वाढलं, आणि राजाबाईंनी हात आडवा केला नाही.