हिरवा लागल्यावर उठायचं

नंदिनी अशा वेळी उठायची की गावातले कोंबडेही तेव्हा कूस बदलत असावेत. चार वर्षांची पोर, पण बाहेर काळंकुट्ट असताना मागच्या खोलीतून अनवाणी चालत पुढच्या खोलीत यायची आणि रुतिकाच्या गालावर आपला गार हात ठेवायची.

"आई, वास आला."

रोज तेच. रुतिका डोळे न उघडता विचारायची, "कसला वास, बाय?" ते काही पोरीला सांगता येत नसे. "घाण," एवढंच म्हणायची आणि आईच्या पांघरुणात शिरून टक्क जागी राहायची. मग पाणी पाहिजे, मग शू, मग गोष्ट. रुतिकाची झोप संपली ती संपलीच.

रुतिकाला स्वतःला कसलाच वास येत नव्हता. घर नवी मुंबईतल्या पावणे गावात, मागच्या भिंतीपलीकडे केमिकलच्या कंपन्यांची रांग. पहाटे सगळी दुनिया झोपलेली बघून त्यातली कुठलीतरी आपली वाफ हळूच सोडते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नेरूळहून लग्न होऊन आली तेव्हा रुतिकाही पहिले काही महिने ओढणी नाकाला लावून झोपली होती. नंतर नाकाला सवय झाली आणि ओढणी सुटली. गावात सगळ्यांचं असंच होतं. नव्या सुनेने नाक मुरडलं की बायका हसायच्या, होईल सवय म्हणायच्या, आणि ती व्हायचीच.

पण झोपेचं खोबरं होत होतं त्याचं काय? एपीएमसी मार्केटात धान्याच्या एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर रुतिका बिलं बनवायची. एकदा बसल्या जागी डुलकी लागून तिचं कपाळ की-बोर्डवर आपटलं. शेठने तिने बनवलेली बिलं पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतली. त्याच आठवड्यात गॅसवर दूध ठेवून ती ओट्याला टेकून झोपली, पातेलं जळून काळं झालं. तेव्हा मात्र ती घाबरली. आज पातेलं जळलं, उद्या घर जळेल, असं तिला वाटून गेलं.

उपाय काय कमी केले? दुपारची झोप बंद केली, तर पोर संध्याकाळी रडकुंडीला आली. रात्री उशिरा निजवलं, तरी उठायची वेळ तीच. कोणीतरी सांगितलं, उजेडाने जाग येते, म्हणून मागच्या खोलीच्या खिडकीला काळा कागद चिकटवला. वरचा जाळीचा झरोका तेवढा उघडा ठेवला, हवा खेळती राहावी म्हणून.

शेवटी नंदिनीच्या बापाने मनावर घेतलं. कल्पेश पलीकडच्याच एका कंपनीत इलेक्ट्रिशियन होता आणि घरातला कुठलाही प्रश्न तारा जोडून सुटतो अशी त्याची पक्की समजूत होती. एका रविवारी त्याने प्लॅस्टिकच्या डब्यात मशीनच्या पॅनलवर असतात तसे दोन दिवे बसवले, एक लाल, एक हिरवा, मागे टायमर लावला आणि डबा नंदिनीच्या पलंगासमोर भिंतीवर ठोकला.

"आमच्याकडे लाल असताना मशीनला कोण हात लावत नाय," तो लेकीसमोर उकिडवा बसून म्हणाला. "तसंच हे. लाल हाय तोवर पलंगावरून पाय खाली नाय. हिरवा लागला की उठायचं. हिरव्याला उठलीस तर चिक्की. समजला?"

नंदिनीने मान हलवली.

"आणि लाइट गेली तर?" रुतिकाने विचारलं.

"लालला बॅटरी दिलीय," कल्पेश खुशीत म्हणाला. "लाइट जाऊ दे, टायमर बंद पडू दे, काय पन बिघडू दे, लाल चालूच राहनार. आपल्या लाइनीतला नियमच हाय तो. काय गडबड झाली की लाल."

रुतिकाला नवऱ्याचं कौतुक वाटलं. एवढा विचार कोण करतं?

पहिले दोन दिवस रडारड झाली. नंदिनी उठून आली, कल्पेशने तिला उचलून परत ठेवलं. पुन्हा आली, पुन्हा ठेवलं. तिसऱ्या दिवशी घरात आवाज नाही. रुतिका दचकून उठली तर बाहेर लख्ख उजाडलेलं, आणि दारात पोर उभी, चिक्कीसाठी हात पुढे. रुतिकाचा जीव भांड्यात पडला. तिने लेकीला उचलून गरागरा फिरवलं. पुढे तर चाहूलही नको म्हणून ती आपल्या खोलीचं दार लावून झोपू लागली. झोपेने तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली, शेठशी ती हसून बोलू लागली. कल्पेश मित्रांना सांगत सुटला, "आमच्या हेल्परांपेक्षा शिस्तीची हाय माजी पोर."

खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सासूला, गंगूबाईला, मात्र हे रुचलं नाही. सगळा जन्म मासळी विकलेली बाई, गुडघ्यांमुळे हल्ली जिना चढू शकत नव्हती, पण वर काय चाललंय ते तिला बरोबर कळायचं.

"पोर उगाच नाय उठत, रुतिका," ती म्हणाली. "आपला नाक कवाच मेलाय. तिचा ताजा हाय."

"सवय होईल तिला पण," रुतिका म्हणाली. हेच वाक्य तिला कधीकाळी बायकांनी ऐकवलं होतं, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

ध्यानात यायला हवं होतं असं बरंच काही होतं. मागच्या गॅलरीतल्या तुळशीची पानं कडेने करपत चालली होती. रुतिकाने कुंडी बदलली. नंदिनीची उशी सकाळी ओली असायची. रुतिकाला वाटलं, लाळ. एकदा हिरवा लागायच्या आधी ती सहज डोकावली, तर पोर फ्रॉकचा घेर नाकावर ओढून उताणी पडलेली, डोळे सताड उघडे, समोरच्या लाल दिव्यावर.

"कधी उठलीस गं?"

"मगाशीच. लाल होता."

रुतिकाला तिला उचलून घ्यावंसं वाटलं. पण पुढच्या खोलीत स्वतःचं अंथरूण अजून गरम होतं. "लाल असेपर्यंत डोळे मिटून पडायचं, म्हणजे झोप येते," ती म्हणाली आणि दार लोटून परत आली. त्या सकाळी ती पुन्हा झोपली, आणि छान झोपली.

ती घटना घडली तेव्हा कल्पेश रात्रपाळीला होता. रुतिकाला जाग आली ती कसल्याशा ठणठणाटाने. खालून गंगूबाई जिन्याच्या लोखंडी कठड्यावर बत्ता हाणत होती आणि ओरडत होती, पण आवाज घशात अडकत होता. पंखा बंद. गल्लीत माणसं पळत होती, कोणीतरी खोकत खोकत नावं घेत होतं. दिवस वर आला होता, पण खिडकीबाहेरचा उजेड गढूळ, पिवळट होता. आवाज बंद करून ठेवलेल्या फोनवर कल्पेशचे कितीतरी कॉल येऊन गेले होते. मागच्या गल्लीतल्या कंपनीत काहीतरी फुटलं होतं आणि खबरदारी म्हणून सगळ्या भागाची वीज तोडली होती.

रुतिकाने दार उघडलं आणि घशाला कोणी चटका द्यावा तसं झालं. मेलेल्या नाकालाही आता वास आला. ती भिंत धरत मागच्या खोलीपाशी पोचली. दार नुसतं लोटलेलं होतं. एवढ्याशा पोरीने बोट लावलं असतं तरी उघडलं असतं.

आत काळोखात लाल दिवा स्वच्छ जळत होता. नंदिनी पलंगाच्या मधोमध बसली होती, पाय पोटाशी घेतलेले, गोधडी तोंडावर दाबलेली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आईला बघून तिने गोधडी जराशी खाली केली.

"आई, हिरवा लागतच नाही," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मी पाय खाली नाही ठेवला."

रुतिकाने तिला उचललं आणि जिना कसा उतरला ते तिला नंतर आठवलं नाही.

नंदिनी वाचली. हॉस्पिटलमध्ये बरेच दिवस नाकाला नळी होती. थोडं आधी आणलं असतं तर छाती एवढी धरली नसती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या सहज म्हणाल्या, पण रुतिका त्यानंतर दिवसभर लेकीच्या खाटेपाशी उभीच राहिली. कल्पेशने घरी जाऊन तो डबा भिंतीतून उपटला आणि हातोडीने ठेचला. ठेचताना तो रडत होता, असं गंगूबाईने सांगितलं.

आता तिघं रुतिकाच्या माहेरी नेरूळला राहतात. गंगूबाई काही गाव सोडायला तयार झाली नाही. इथे पहाटे कसलाच वास येत नाही. रोज रात्री रुतिका लेकीला जवळ घेऊन सांगते, "लाल नाही, हिरवा नाही, काही नाही. तुला जाग आली की मला उठव. कधी पण उठव. ओरडून उठव." नंदिनी शहाण्यासारखी "हो" म्हणते.

रुतिकाला हल्ली आपोआपच पहाटे जाग येते. अंधारात ती हलत नाही, पडून वाट बघते, गालावर एक गार हात येईल म्हणून. हात येत नाही. शेजारी पोर जागी असते. तिला खोकल्याची उबळ येते, आणि आईची झोप मोडू नये म्हणून ती तोंड उशीत खुपसून, अगदी हळू, खोकते.